नाही म्हणणारा डॉक्टर

१६ मे २००७, बुधवार. नॅशुआ, न्यू हँपशायर

काल रात्री साउथ कॅरोलिनात झालेली रिपब्लिकनांची डिबेट पाहिली. अध्यक्षपदाचे दहा इच्छुक ओळीने उभे. सूट सारखे, लाल-निळे टाय सारखे, उत्तरंही जवळजवळ सारखीच. त्यात टेक्ससचा एक किरकोळ बांध्याचा, सत्तरी ओलांडलेला डॉक्टर होता. नाव रॉन पॉल, धंदा बाळंतपणं करण्याचा. चार हजारांवर मुलं याच्या हातून जगात आली म्हणे. हा गृहस्थ सांगत होता की इराकमधून सैन्य परत आणा, आणि तेही आपल्याच पक्षाच्या व्यासपीठावरून.

प्रश्नकर्त्याने ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची आठवण करून दिली. त्यावर पॉल म्हणाला की आपण दहा वर्षं इराकवर बॉम्ब टाकतो आहोत, १९५३ साली इराणमध्ये ढवळाढवळ करून शहाला बसवलं, त्याची फळं भोगतो आहोत. हल्ला करणारे आपल्यावर का चिडले आहेत हे निदान समजून तरी घ्या. लगेच न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी उसळले. असलं काही आपण कधी ऐकलं नाही, हे वाक्य मागे घ्या, म्हणाले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पॉलने वाक्य मागे घेतलं नाही. उलट तेच पुन्हा समजावून सांगत बसला.

"संपला बिचारा," हे म्हणाले आणि उठून दिवे मालवायला गेले.

मला गंमत वाटली ती वेगळीच. इराणच्या पंतप्रधान मोसाद्देघला घालवून शहाला कोणी बसवलं हे आमच्या पुण्यातल्या घरी जेवताना बोललं जायचं. बाबा वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन सांगायचे आणि आई म्हणायची, आधी आमटी वाढून घ्या. इथे मात्र ती गोष्ट टीव्हीवर उच्चारणं म्हणजे पाखंड. आणि बोलणारा कोणी डावा प्राध्यापक नाही, विमानदलात डॉक्टर म्हणून नोकरी केलेला रिपब्लिकन खासदार आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये इराक युद्धाचा ठराव कनिष्ठ सभागृहात आला तेव्हा रिपब्लिकनांपैकी फक्त सहा जणांनी विरोधात मत दिलं. हा त्यांतला एक. तेव्हा युद्धाला विरोध करणं सोपं नव्हतं. आज तीन हजारांहून जास्त सैनिक गेल्यावर विरोध करणारे पुष्कळ निघालेत.

५ नोव्हेंबर, सोमवार

चिरंजीवांचा डरहॅमहून फोन. "आई, मी आज पंचवीस डॉलर दिले."

"कुणाला?"

"रॉन पॉलला. आज सगळे देतायत."

आज इंग्लंडची पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सचा दिवस आहे, म्हणून समर्थकांनीच इंटरनेटवरून हाक दिली की सगळ्यांनी एकाच दिवशी पैसे द्या. पॉलच्या कचेरीने नव्हे, हे महत्त्वाचं. रात्री पाहिलं तर चोवीस तासांत बेचाळीस लाख डॉलर जमले होते. एका माणसाला २३०० डॉलरपेक्षा जास्त देता येत नाही आणि बहुतेकांनी तर माझ्या मुलासारखे वीस-पंचवीस-पन्नास दिले. हे म्हणाले, "पॉकेटमनी आपला आणि क्रांती त्याची." पण मनातून त्यांना बरं वाटलं असावं. मुलगा मतदार म्हणून पहिल्यांदाच काहीतरी गांभीर्याने घेतोय. गेल्या वर्षापर्यंत त्याला उपराष्ट्राध्यक्षाचं नाव सांगता येत होतं ते केवळ त्या उपराष्ट्राध्यक्षाने शिकारीत मित्राला गोळी घातली म्हणून.

९ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

संध्याकाळी फराळाला आठ-दहा घरं जमली. चकली यंदा कडक झाली, पण संपली. चर्चा डॉलरची. रुपया एकोणचाळीसवर आलाय आणि गावी घर बांधायला पैसे पाठवणारे सगळेच रडत होते. एकाने मोठ्या उत्साहाने सांगितलं की रॉन पॉलने काल काँग्रेसच्या समितीत फेडरल रिझर्व्हच्या बर्नांकींना डॉलरच्या घसरणीवरून धारेवर धरलं. फेडरल रिझर्व्ह म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारखीच. पॉलला ती बंदच करायची आहे आणि डॉलर पुन्हा सोन्याला बांधायचा आहे. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सनने डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, त्या दिवसाने आपल्याला राजकारणात आणलं असं तो सांगतो. एका बाळंतपणाच्या डॉक्टरला त्या बातमीने अस्वस्थ व्हावं हे मला आवडलं.

"सोनं घेऊन ठेवा हे आम्हाला रॉन पॉलने कशाला सांगायला हवं? परवा धनत्रयोदशीला घेतलंच की," वहिनी म्हणाल्या. औंसाला आठशे डॉलरच्या पुढे भाव आहे. सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

मी मात्र रात्री पुस्तकं उघडून बसले. पॉलचं निदान टाकाऊ नाही. घरांच्या कर्जांना सरकारी कुबड्या दिल्या तर भाव फुगतील आणि मग फुटतील, हे तो २००२-०३ पासून सभागृहात बोलत होता. आज आमच्याच रस्त्यावर दोन घरांवर बँकेच्या जप्तीच्या पाट्या आहेत. पण औषध? १९२९ नंतरच्या मंदीत जे देश सोन्याला चिकटून राहिले ते जास्त काळ रुतले. ब्रिटनने १९३१ मध्ये सोनं सोडलं, अमेरिकेने १९३३ मध्ये, आणि तिथून सुधारणा सुरू झाली. दुखणं बरोबर ओळखलं म्हणून कुणी सुरीही बरोबरच चालवेल असं नसतं. हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

२२ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

कालच राज्याच्या राजधानीहून, कॉन्कॉर्डहून, घोषणा झाली की आमची प्रायमरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार निवडण्याचं मतदान, ८ जानेवारीला. देशात पहिली प्रायमरी आमचीच असली पाहिजे असा या राज्याचा कायदाच आहे, म्हणून दुसऱ्या कोणी तारीख अलीकडे आणली की आमचे सेक्रेटरी ऑफ स्टेट त्याच्याही अलीकडे जातात. हजार डॉलर भरले की कोणीही मतपत्रिकेवर येतो, त्यामुळे यादीत डझनावारी नावं असतात, अगदी विक्षिप्तांचीसुद्धा. शिवाय माझ्यासारख्या कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्या मतदाराला त्या दिवशी केंद्रावर जाऊन ठरवता येतं, रिपब्लिकनांची मतपत्रिका मागायची की डेमोक्रॅटांची. तेरा लाखांचं राज्य, पण चार वर्षांतून एकदा अख्खा देश आमच्या दारात उभा असतो.

जेवायला शेजारचे आजोबा होते. बायको गेल्यापासून दर थँक्सगिव्हिंगला आमच्याकडेच असतात. टर्कीबरोबर आमचा मसालेभात चवीने खातात. आयुष्यभर रिपब्लिकन, व्हिएतनामला जाऊन आलेले. पाय पसरून म्हणाले, "यंदा माझं मत डॉक्टरला."

"तो निवडून येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे," हे म्हणाले.

"१९६८ साली जीन मॅकार्थीही निवडून येणार नव्हता."

मग त्यांनी ते सगळं सांगितलं. सिनेटर मॅकार्थी, त्याच पक्षाचे अध्यक्ष जॉन्सन आणि मधे व्हिएतनाम. न्यू हँपशायरच्या प्रायमरीत जॉन्सनना एकोणपन्नास टक्के, मॅकार्थीला बेचाळीस. जिंकले जॉन्सनच. पण मार्च संपायच्या आत त्यांनी जाहीर केलं की आपण पुन्हा उभे राहणार नाही. "मी तेव्हा तिकडे चिखलात होतो," आजोबा म्हणाले. "इथे बर्फात उभं राहून ज्यांनी पडणाऱ्या माणसाला मत दिलं, त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मला नंतर कळलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मत वाया जातं असं म्हणणारे दोन निवडणुका एकच समजतात. नोव्हेंबरची निवडणूक राज्य कोणी करायचं ते ठरवते. जानेवारीची प्रायमरी पक्षाला कानात सांगण्याची जागा आहे. तिथे पडणाऱ्याला दिलेलं मतसुद्धा बोलतं. तेव्हा पॉल हरणार आहे एवढ्या कारणासाठी त्याला नाकारणं मला पटत नाही. नाकारायचा असेल तर दुसरं कारण हवं.

१६ डिसेंबर, रविवार

पहाटेपासून बर्फ. दुपारी फावडं घेऊन दोनदा रस्ता मोकळा केला. बॉस्टन टी पार्टीचा आज वाढदिवस, म्हणून पॉलवाल्यांनी पुन्हा एका दिवसाची वर्गणी ठेवलेली. साठ लाख डॉलर! फॅन्यूइल हॉलमध्ये सभा होती, तिथे पॉलचा डॉक्टर मुलगा बोलला. आमच्या मुलाला बॉस्टनला जायचं होतं. यांनी किल्ल्या खिशात घातल्या आणि खिशातच ठेवल्या. चिडून त्याने अंगणाच्या कडेला बर्फात पाटी रोवली. रेव्होल्यूशन शब्दातली 'लव्ह' ही अक्षरं उलटी, लाल रंगात. त्या पाट्या आता डॅनियल वेबस्टर हायवेवर मॉलपर्यंत दिसतात. एक हवाई फुगाही उडवलाय म्हणे त्यांनी, रॉन पॉल कोण ते गूगलवर शोधा असं लिहून. खिशात मावेल तेवढं सरकार हवं म्हणणाऱ्यांना विमानाएवढा फुगा कसा परवडतो कोण जाणे.

२३ डिसेंबर, रविवार

आज टीव्हीवर 'मीट द प्रेस'. मुलाखतकार टिम रसर्टसमोर पॉल तासभर नाही तरी बराच वेळ होता. मुलगा घरी आलाय, आम्ही तिघं सोफ्यावर.

आधी रसर्टने त्याला त्याच्या मतदारसंघासाठी मागितलेल्या निधीवरून पकडलं. सरकारी उधळपट्टीविरुद्ध बोलणारा हा माणूस आपल्या भागातल्या कामांच्या तरतुदी विधेयकात घालतो आणि मग त्या विधेयकाच्या विरोधात मत देतो. विधेयक मंजूर होणार हे ठाऊक असतंच. पैसे येतात आणि तत्त्वही शाबूत राहतं. त्याचं उत्तर असं की, लोकांनी भरलेला कर मी त्यांना परत मिळवून देतो. मुलाला ते उत्तर चाललं. मला चाललं नाही, पण मी एवढ्यावरून कोणाला पाडणार नाही. खासदारकीची पेन्शन नाकारणारा माणूस आहे तो, पैशाचा लोभी नाही.

मग १९६४ चा नागरी हक्क कायदा निघाला. आपण तेव्हा असतो तर विरोधात मत दिलं असतं, असं पॉलने सांगितलं. कारण काय तर खासगी मालमत्तेचा हक्क. दुकानदाराने, खाणावळवाल्याने आपल्या जागेत कोणाला घ्यावं हे सरकारने सांगू नये. मनात द्वेष नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, असा त्याचा एकूण सूर. २००४ साली त्या कायद्याला चाळीस वर्षं झाली म्हणून सभागृहात गौरवाचा ठराव आला. ४१४ विरुद्ध १ असा मंजूर झाला. तो एक म्हणजे हाच.

मुलगा म्हणाला, "पण आई, तो खोटं तर बोलत नाहीये. मतं जातील हे माहीत असून बोलतोय."

"खरं बोलतोय हे खरंय," मी म्हटलं. "पण काय बोलतोय?"

तो गप्प बसला. मी मात्र बसू शकले नाही. १९६४ च्या कायद्यामागे जी चळवळ होती, तिच्याच जोरावर १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा आला. त्याआधी हिंदुस्थानासाठी वर्षाला शंभर जागा होत्या, शंभर! १९६५ चा कायदा झाला नसता तर मुलाचे बाबा स्टुडंट व्हिसावर येऊन पुढे इथे राहूच शकले नसते. मालकाची मर्जी हेच सर्वोच्च तत्त्व मानलं तर दक्षिणेतल्या एखाद्या रस्त्यावरच्या मोटेलने आम्हाला खोली द्यावी की नाही हेही मालकाच्या मर्जीवर. आज त्या मोटेलांचे मालकच पटेल आहेत ही गोष्ट वेगळी.

आणि दुसरं. पॉलला जन्माने मिळणारं नागरिकत्व बंद करायचं आहे. आईबापांपैकी एकही नागरिक किंवा देशाशी कायमची निष्ठा असलेला नसेल तर इथे जन्मूनही मूल अमेरिकन नाही, अशी घटनादुरुस्ती तो मांडत आलाय. मी मुलाला त्याचं जन्मवर्ष विचारलं. १९८८. तेव्हा आम्ही कोणत्या व्हिसावर होतो ते सांगितलं. ज्या हक्काने तो ८ जानेवारीला मत देणार तो हक्क त्याचा उमेदवार काढून घेणार होता. शिवाय इथे टीव्हीवर पॉलची एक जाहिरात चालू आहे, दहशतवादी देशांच्या विद्यार्थ्यांना व्हिसा नको म्हणणारी. सरकारवर कणभर विश्वास न ठेवणारा माणूस, कोणता देश दहशतवादी ते सरकारनेच ठरवावं असं कसं म्हणतो?

"तो मागच्या तारखेने काढणार नाही," मुलगा म्हणाला. खरं आहे, वकिली बरी करतो. त्याने एक मुद्दा बिनतोड मांडला. सरकारला लोकांवर पाळत ठेवायची मुभा देणाऱ्या पॅट्रिअट कायद्याला २००१ मध्ये रिपब्लिकनांपैकी तीनच जणांनी विरोध केला, त्यांत पॉल होता. "विमानतळावर बाबांना प्रत्येक वेळी बाजूला घेतात तेव्हा तुझे बाकीचे उमेदवार कुठे होते?" यांनी वर्तमानपत्र वर धरलं. ते हसत होते की नाही ते मला दिसलं नाही.

बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सची गोष्टही लिहून ठेवते, कारण हा माणूस तिथे पुरता दिसतो. १९९९ साली तिला काँग्रेसचं सुवर्णपदक द्यायचा ठराव आला. ४२४ विरुद्ध १. पॉलचं म्हणणं, करदात्यांच्या पैशातून नको, आपण प्रत्येकाने खिशातले शंभर डॉलर काढू, मी पहिला देतो. कोणी दिले नाहीत. यात ढोंग कोणाचं जास्त, हे मला आजही सांगता येणार नाही.

३० डिसेंबर, रविवार

पुण्याला फोन केला. बाबांना इथली निवडणूक आमच्याहून जास्त ठाऊक असते. पॉलचं नाव काढताच म्हणाले, "तुमचा शेषन!"

१९९७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. के. आर. नारायणन यांच्या पाठीशी जवळजवळ सगळे पक्ष, आणि समोर टी. एन. शेषन. त्यांना पाठिंबा शिवसेनेचा. मुख्य निवडणूक आयुक्त असताना याच शेषननी भल्याभल्यांना घाम फोडला होता. भिंती रंगवणं थांबलं, खर्चाचे हिशेब मागितले गेले, मतदाराच्या हातात फोटोचं ओळखपत्र आलं. बाबा तेव्हा त्यांची कात्रणं जपून ठेवायचे. राष्ट्रपतिपदाला उभे राहिले तेव्हा मात्र डिपॉझिटही वाचलं नाही.

"तुम्हाला मत असतं तर दिलं असतं का?" मी विचारलं.

"छे! पंच म्हणून उत्तम होता. राष्ट्रपतीने रोज सकाळी उठून कुणाला तरी अडवायचं नसतं."

आज दुपारी कामावर ते वाक्य डोक्यात होतं. मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये बसते. समोरच्या फायलींपैकी कितीतरी मेडिकेडच्या असतात, म्हणजे गरिबांच्या, अपंगांच्या, बाळंतिणींच्याही. डॉक्टर पॉलने आपल्या दवाखान्यात मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे कधी घेतले नाहीत. ज्याला परवडत नाही त्याच्याकडून कमी घेतले किंवा फुकट पाहिलं. माणूस म्हणून हे मोठं आहे. तेच धोरण केलं तर? एका गावातल्या एका भल्या डॉक्टरचं औदार्य तीस कोटींच्या देशाला कसं पुरायचं? डायलिसिसवर असलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा औदार्य लागतं. खासदार म्हणून तो 'नाही' म्हणत राहिला आणि 'हो' म्हणायची जबाबदारी बाकीच्या चारशे चौतीस जणांनी उचलली. त्याला 'डॉक्टर नो' हे नाव पडलंय ते उगीच नाही. अध्यक्षाच्या टेबलावर मात्र 'नाही' म्हटल्यानंतर त्या रुग्णाचं काय करायचं, हा कागद येतो.

४ जानेवारी २००८, शुक्रवार

आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानात काल पॉल पाचवा, दहा टक्के. ज्या जुलियानींनी त्याला वाक्य मागे घ्यायला सांगितलं होतं ते त्याच्या मागे, चार टक्क्यांच्या आत. मुलगा दिवसभर शीळ घालतोय.

६ जानेवारी, रविवार

फॉक्स वाहिनीने आजच्या रात्रीच्या चर्चेतून पॉलला वगळलं. जुलियानी आत, आयोवात त्यांना मागे टाकणारा बाहेर! आमच्या राज्याच्या रिपब्लिकन पक्षानेसुद्धा निषेध म्हणून कार्यक्रमाचं प्रायोजकत्व काढून घेतलं, त्यांना शाबासकी. काल एबीसीने डेमोक्रॅटांच्या बाजूने कुसिनिचला असंच दाराबाहेर ठेवलं. युद्धाला सुरुवातीपासून नको म्हणणारेच दोन्हीकडून गाळले जातात, हा योगायोग असेल तर फार सोयीचा योगायोग आहे.

मी पॉलला मत देणार नाही हे आता जवळपास ठरलंय. पण तो व्यासपीठावर असायलाच हवा यासाठी मी भांडेन. त्याला ऐकणं हा मतदारांचा हक्क आहे आणि मत देणं न देणं हा त्यानंतरचा भाग आहे. वाहिनीच्या मालकांनी ही चाळणी परस्पर लावायची नाही. मात्र काल मँचेस्टरच्या रस्त्यावर पॉलच्या काही समर्थकांनी फॉक्सच्या एका निवेदकाच्या मागे ओरडत धावत जाऊन जो तमाशा केला, तोही स्वातंत्र्याचा नमुना नव्हे. मुलाला दाखवलं. तो म्हणाला, सगळे तसे नसतात. नसतातच. पण सगळ्यांचा हिशेब त्यांच्याच नावावर लागतो.

८ जानेवारी, मंगळवार

जानेवारीत न शोभणारी ऊब. रस्त्याकडेचा बर्फ वितळून पाट्या आडव्या झालेल्या. शाळेच्या व्यायामशाळेत रांग दारापर्यंत. पुढे आजोबा, मागे मुलगा, मधे मी. आजोबांनी रिपब्लिकन मतपत्रिका घेतली, मुलानेही. मी डेमोक्रॅटिक मागितली आणि ओबामाला मत दिलं. इराक युद्धाला त्यानेही २००२ मध्येच भरसभेत विरोध केला होता, आणि नागरी हक्काच्या कायद्याबद्दल त्याला विचारावं लागत नाही. बाहेर पडताना मुलाने काही विचारलं नाही. केक विकणाऱ्या बायकांकडून आम्ही तिघांनी एक-एक ब्राउनी घेतली.

संध्याकाळी मात्र त्याचा चेहरा उतरला. 'न्यू रिपब्लिक'मध्ये आज एक लेख आलाय. ऐंशी-नव्वदच्या दशकात रॉन पॉलच्या नावाने निघणाऱ्या वार्तापत्रांत काळ्या लोकांबद्दल, मार्टिन ल्यूथर किंगबद्दल, समलिंगींबद्दल अत्यंत गलिच्छ मजकूर छापला जात होता. पॉलने आजच खुलासा केला: ते शब्द माझे नाहीत, मी तसा विचार करत नाही, लक्ष दिलं नाही याची नैतिक जबाबदारी माझी.

१० जानेवारी, गुरुवार

निकाल: रिपब्लिकनांत सिनेटर मॅकेन पहिले, पॉल पाचवा, आठ टक्क्यांच्या आसपास. माझा उमेदवारही हिलरींपुढे हरला, ते असो.

सटन नावाच्या एका छोट्या गावाने पॉलला शून्य मतं कळवली होती. तिथल्या लोकांनी आम्ही मत दिलंय म्हणून आवाज उठवला. तपासलं तर एकतीस मतं निघाली. आकडा कागदावरून कागदावर नेताना राहून गेला होता. मुलाला अर्थातच यात कट दिसतो. मला साधी हयगय दिसते, पण ज्यांची मतं मोजली जाणार नाहीत अशी भीती आधीच असते त्यांच्याच बाबतीत ती झाली, हे वाईट.

वार्तापत्रांबद्दल दोन रात्री आमचं बोलणं चाललंय. पॉलने ती स्वतः लिहिली नसतील हे मी मानायला तयार आहे. त्याच्या बोलण्याची धाटणी तशी नाही. पण १९९६ च्या निवडणुकीत हीच पानं विरोधकांनी बाहेर काढली होती, आणि तेव्हा त्याने 'माझी नाहीत' असं म्हटलं नव्हतं. संदर्भ सोडून वाचताय, असं म्हटलं होतं. मी लिहिली नाहीत, हे काही वर्षांनी आलं. ज्या माणसाची सगळी पुंजी म्हणजे 'मी जे बोलतो ते माझ्या नावाने बोलतो', त्याने आपलं नाव वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या विषाला भाड्याने दिलं. नागरी हक्काच्या कायद्यावरचं मत मी निदान तत्त्व म्हणून ऐकून घेतलं होतं. ही पानं त्याच्याशेजारी ठेवल्यावर ते तत्त्व कोणाच्या उपयोगी पडतं ते दिसतं.

मुलगा म्हणाला, "मग युद्धाबद्दल तो चूक होता का?"

नव्हता. ते त्याला आणि मला दोघांनाही मान्य आहे, आणि भांडण त्यामुळेच मिटत नाही. आज तो डरहॅमला परत गेला. पाटी अंगणातच आहे. काढ म्हणून मी सांगितलं नाही, त्याने मत दिलंय आणि ते त्याचं आहे.

५ मार्च, बुधवार

काल टेक्ससमध्ये मतदान झालं. मॅकेन यांचं नामांकन पक्कं झालं. त्याच दिवशी पॉलच्या खासदारकीच्या जागेसाठीही पक्षांतर्गत लढत होती. तो अध्यक्षपदाच्या मागे फिरतो, युद्धाच्या विरोधात बोलतो, म्हणून पक्षातल्याच एकाने त्याला आव्हान दिलं होतं. पॉल सुमारे सत्तर टक्के मतं घेऊन जिंकला. नोव्हेंबरमध्ये त्याच्यासमोर डेमोक्रॅटिक उमेदवारच नाही, म्हणजे तो परत गेल्यातच जमा.

आजोबांना फोन करून सांगितलं. खूश झाले. मुलाला कळवलं, त्याला आधीच माहीत होतं. पॉलच्या मतदारांनी त्याला बरोबर त्या जागी ठेवलंय असं मला वाटतं, जिथे ४१४ विरुद्ध १ मधला एक होण्याची मुभा आहे आणि कधीतरी तो एक बरोबरही असतो. मी तिथली मतदार असते तर आधी त्या वार्तापत्रांचा जाब भरसभेत विचारला असता, आणि उत्तर पटलं असतं तर मतही दिलं असतं. व्हाइट हाउससाठी नाही.